मुका खांब

जॅक निसटला त्या दिवशी
उजव्या हाताची दोन बोटं तुटली नाहीत, एवढंच.
राहिली जागच्या जागी,
परक्याच्या घरी मुक्कामाला असल्यासारखी.
डॉक्टरांनी रबरी चेंडू दिला, म्हणाले, दाबा.
आठ दिवस दाबला. नवव्या दिवशी
गल्लीतल्या पोरांना देऊन टाकला.

शेजारच्या मेहरुन्निसा आपा,
उर्दू शाळेत तीस वर्षं शिवण शिकवून रिटायर झालेल्या,
त्यांनी कंपाउंडवरून सुई पुढं केली,
टोकाला आकडा असलेली.
"चेंडू काय दाबायलात वझरकर, हे धरा.
पाना धरता तसं नका. पेन्सिल धरा तशी धरा."
मी पेन्सिल धरली होती ती नववीत, शेवटची.

आधी साखळी. नुसती साखळी.
डिसेंबर, परभणीचा पारा पाचावर,
ऊन सरकेल तशी खुर्ची सरकवत
मी साखळी घालत बसलो,
बसस्टँडवरून वसमत रोडला जाऊन आली असती एवढी.
आपांनी ती एका हिसक्यात उसवली.
"आता हात मोकळा झाला. आता गोल."

गोल मला कळत होता.
चाकाचे नट समोरासमोरचे आवळायचे,
एकाच बाजूनं आवळत गेलं की चाक डुगडुगतं.
सहा टाके, मग बारा, मग अठरा,
दर फेरीत सहा वाढवायचे.
मी वाढवले, इमानदारीत, दर वेळी त्याच जागी,
आणि माझी पहिली टोपी षटकोनी झाली.
आपांनी ती उलटीसुलटी करून पाहिली.
"वर्कशॉप सुटलं, नट काही सुटला नाही," म्हणाल्या.

दुसरी तांब्यावर बसली.
तिसरीला झालर आली, तळणीतल्या पापडासारखी.
चौथ्या वेळी कळलं,
वाढ जागा बदलत घ्यायची, कुणाच्या नजरेत न येईल अशी,
आणि थांबायचं कधी
हे मोजून नाही,
तळहातावर ठेवून कळतं.

खांब, अर्धा खांब, जोडखांब.
सगळ्यात बुटका, मुका खांब.
मुका का म्हणतात, मी विचारलं.
"त्याच्यातनं वारासुदीक जात नाही," आपा म्हणाल्या,
"टोपीला तोच."

दहा टोप्या सिव्हिलमध्ये नेऊन दिल्या,
कमी दिवसांच्या बाळांसाठी.
सिस्टर म्हणाली, वजन घ्यायचंय, टोपी काढा.
एक किलो चारशे दहा.
मग तिच्या मनात काय आलं कुणास ठाऊक,
तिनं नुसती टोपीही काट्यावर ठेवली.
चौदा ग्रॅम.
पस्तीस वर्षं मी लोखंड उचललं,
असा आकडा कधी वाचला नव्हता.

उन्हाळ्यात चौकोन. थंडीत जोडू, आपा म्हणाल्या.
एका चौकोनात एक टाका शिकायचा,
उरलेल्या गुंड्यांतून,
शाळेच्या स्वेटरचा मरून, कुणाच्या तरी शालीचा मोरपंखी,
माझ्या जुन्या खाकी स्वेटरची उसवलेली बाही.
बत्तीस झाले तेव्हा फरशीवर मांडले.
एकही दुसऱ्याला जुळेना.
पेन्शनच्या कागदावरून डेपोत भांडून आलो,
त्या दिवशीचा मुठीएवढा.
नात बारावी पास झाली,
त्या दिवशीचा सैल, ऐसपैस, कोपरे सांडलेले.

मी लहानाची गाठ सोडायला घेतली.
आपांनी हात धरला नाही, नुसतं म्हणाल्या,
"उसवू नका. त्या दिवशी तुम्ही तेवढेच होतात.
लहान असेल त्याला भोवतीनं
मुक्या खांबाच्या दोन फेऱ्या द्या. येतो बरोबरीला."

देतोय.
अजून सात चौकोन राहिलेत, लोकर कमी पडेल बहुतेक,
मरून तर संपलाच.
काल दुपारी फेरी वळवताना
करंगळीला लोकर टोचली.
मी परत वळवून पाहिली. परत टोचली.
आपांना सांगितलं नाही अजून.
त्या म्हणतील, बरं. टाके मोजा.